धोंड्याचे बारसे

हिरडवलीच्या भैरोबाच्या देवळात, गाभाऱ्याबाहेरच्या कोनाड्यात, एक वरवंटा ठेवलेला आहे. त्याला झबले-टोपडे घातलेले असते आणि गालाच्या जागी काजळाची तीटही असते. नवखी माणसे त्याला हात जोडतात. मग दौलत गुरव हसून सांगतात, "पाव्हणं, ह्यो देव न्हाई, ग्रह हाय. म्हंजी खरा वर हाय. ह्यो त्याच्या जागी बसलाय."

मग ते पाहुण्यांना पायरीवर बसवतात आणि गोष्ट सांगतात. गोष्ट फार जुनी नाही, पण गावाने ती इतक्यांदा सांगितली आहे की तिला जुनेपण आले आहे.

शेलारांची मालन शिकायला लांब गेली आणि पुढे परदेशात एका डोंगरावरच्या दुर्बिणीवर कामाला लागली. तिथे तिला एक नवा लघुग्रह सापडला. लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा धोंडाच. पण त्याला लगेच नाव मिळत नाही. आधी सापडल्याचे साल आणि पुढे दोन-चार अक्षरे-आकडे, एवढीच त्याची ओळख. मग काही वर्षे त्याची वाट तपासतात. तो सांगितल्या वेळी, सांगितल्या जागी पुन्हा पुन्हा दिसला तरच त्याला कायमचा क्रमांक देतात. त्यानंतर नाव सुचवायचा मान शोधणाऱ्याचा, आणि मुदत दहा वर्षांची. मालनची नऊ वर्षे नाव ठरवण्यातच गेली म्हणे. दहाव्या वर्षी ती गावी आली आणि म्हणाली, "आपल्यात नाव आत्या ठेवते. मी कशाला डोकं खपवू? येसूआत्या ठेवील."

मालनच्या आईने उठून दार लोटून घेतले.

मालनला आत्या दोन. धाकटी गोदा भरल्या घरातली सवाष्ण. थोरली येसू लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. भावांची आणि चुलतभावांची मिळून अकरा पोरे तिने न्हाऊमाखू घातली होती, पण एकाच्याही कानात नाव सांगितले नव्हते. पाळण्यापाशी विधवा नको, अशी तेव्हाची रीत. बारशाच्या दिवशी येसू आत घुगऱ्या शिजवी आणि पोराचे नाव माजघराच्या भिंतीआडून ऐके. मालनचे नावही तिने तसेच ऐकले होते.

बातमी फुटली तसे गाव दारात आले. सरपंच म्हणाले, "माझंच नाव द्या की!"

"पुढाऱ्याचं नाव तो वारल्यावर शंभर वर्षांनी चालतं, काका," मालन म्हणाली.

"मग माझं राखून ठेवा."

किराणावाल्याने दुकानाचे नाव सुचवले. जाहिरात चालत नाही असे कळल्यावर तो रुसला. एकाने आपला बैल सर्ज्या पुढे केला. लाडक्या जनावरांची नावेही नको म्हणतात, हे ऐकून तो म्हणाला, "सर्ज्याला हे सांगू नका." नाव इंग्रजी सोळा अक्षरांत बसायला हवे, शक्यतो एकच शब्द, आणि ते का ठेवले हे चार ओळींत लिहून द्यायचे. शेवटी गावाने ठरवले, नाव ठेवायचे तर बारसे करूनच.

आपल्याकडे बाळाआधी वरवंट्याला पाळण्यात घालतातच. इथे वरवंटाच बाळ झाला. येसूने तो धुऊन पुसून दिला, टोपडे शिवले आणि पहाटेच आपले ठेवणीतले लुगडे नेसली. बायका जमल्या. तेवढ्यात मालनची आई हळूच आत आली.

"वन्सं, राग धरू नका. पाळण्याला गोदावन्संचा हात लागू दे. तुम्ही ठरवाल तेच नाव सांगतील त्या."

येसू अकरा वेळा गप्प राहिली होती. पण जिची ती आत्या लागेल असे बारशाचे पोर आता कुटुंबात व्हायचे उरले नव्हते. आज नाही तर या जन्मी नाही, हे तिला कळत होते. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि मोठ्याने म्हणाली, "वैनी, पाळण्यात काय हाय?"

"वरवंटा."

"आन् वर आभाळात?"

"धोंडा म्हणतात."

"मग धोंड्याला माझी कसली बाधा व्हायची? चाळीस वरसं माझ्या हातानं मसाला वाटतोय ह्यो वरवंटा. मेला का?"

आधी एक म्हातारी फिसकन हसली, मग सगळ्याच हसल्या. गोदा पाळण्यापासून बाजूला झाली. "ये आक्का. मला तर ह्याचा कान कुठला त्येच कळंना."

येसूने पाळण्याची दोरी धरली. तिने विचारले, "मालन, ह्यो ऱ्हातो कुठं?"

"मंगळ आणि गुरूच्या मधे, आत्या. अलीकडं चार ग्रह, पलीकडं चार. मधल्या पट्ट्यात हे सगळे धोंडे."

"म्हंजी माजघरात!" येसू म्हणाली. "मग दुसरं नाव कशाला धुंडायचं?"

ती वाकली आणि वरवंट्याच्या एका टोकाला तोंड लावून तिने सांगितले: माजघर.

नाव सांगताना आत्याच्या पाठीत बायकांनी धपाटे घालायचे असतात. पण त्या क्षणी एकही हात उठेना. येसू वाकलेलीच राहिली. मग गोदाने पदर खोचला आणि असा धपाटा घातला की बाहेर ओसरीवरचे पुरुष दचकले. त्यानंतर हातांना उसंत नव्हती. येसूची पाठ पुढे दोन दिवस दुखत होती म्हणे, आणि ती कुणाला तेल चोळू देईना.

मालनने नाव पाठवले आणि खाली लिहिले, "माजघर: घराचा मधला भाग. इथे बसलेल्यांना बाहेरचे सगळे ऐकू येते." काही महिन्यांनी नावे तपासणाऱ्या मंडळींनी ते मान्य केले, आणि गावाने वरवंटा देवळात नेऊन बसवला.

त्याच वर्षी पाटलांच्या सुनेला मुलगी झाली. सुनेची नणंद विधवा होती. थोरल्यांनी पुन्हा तीच कुरकुर केली, तेव्हा सून म्हणाली, "येसूआत्यांनी नाव ठेवलं म्हणून तो वरचा धोंडा वाट चुकला का, ते आधी विचारा." सरपंचांनी खरोखर मालनला पत्र घातले. उत्तर आले, "अजिबात नाही. सांगितल्या वेळी हजर असतो." पत्र चावडीवर वाचून दाखवले गेले आणि वाद मिटला.

आजही हिरडवलीत बारशाच्या दिवशी आत्या आधी आत जाऊन बसते. बाळाची आई स्वतः तिचा हात धरून तिला पाळण्यापाशी आणते. नव्या घरांत माजघर नसते, तिथे आत्या कपाटाआड उभी राहते. तिचे कपाळ कुणी पाहत नाही. आणि ती नाव सांगायला वाकली की धपाटे घालताना कुणी हात आखडत नाही.