पाठीवरची जागा

त्या राज्यात एकच नदी होती, आणि औषध, मीठ, न्याय, जे जे म्हणून लागे ते सगळे तिच्या पलीकडे होते. पलीकडे नेण्याचे काम कासवांकडे होते. पूर्वी कधी एका नवख्या कासवाने मासा दिसला म्हणून मध्येच बुडी मारली आणि त्याच्या पाठीवरचे सशाचे अख्खे कुटुंब वाहून गेले. राज्य हळहळले. मग नियम झाले, आणि खरे सांगायचे तर तेव्हा ते कुणालाच जाचक वाटले नाहीत.

शिकाऊ कासवाच्या पाठीवर लाल टिळा असे. त्याने उतारू घ्यायचा नाही. पाठीवर बसवायचे ते फक्त परवाना मिळालेले एक कासव. सूर्य बुडाला की असेल तिथे थांबायचे. शिकाऊ वाढत गेले तसे परवानेवाले सगळे त्यांच्या पाठीवर बसण्याच्या कामाला लागले, आणि उतारूंना नेणारे कुणी उरले नाही. काठावर गर्दी साचू लागली, तेव्हा घाटाचा अधिकारी असलेल्या खंड्या पक्ष्याने यावर तोडगा म्हणून आणखी शिकाऊ भरती केले.

सावळी त्यांतलीच एक. ती अंड्यातून बाहेर आली तेव्हा तिला आपले म्हणणारे कुणी नव्हते. चिमी नावाच्या खारीने तिला घारींपासून पानांखाली लपवले आणि लहानाचे मोठे केले. त्या दुपारी चिमीला फुरसे चावले. विषावरचा उतारा जाणणारे मुंगूस नदीपलीकडे राहत असे, आणि म्हातारपणामुळे त्याला जागचे हलवत नसे. अंधार पडायच्या आत तिथे पोचली तरच चिमी वाचणार होती.

सावळीच्या पाठीवर कोंडाजी नावाचे थोराड कासव बसले होते. "कोंडाजीकाका, तुम्ही बाजूने पोहा ना," ती म्हणाली. "तुमच्या जागी चिमीमावशीला घेते."

"तुझा जीव तुटतोय ते दिसतंय मला. पण मी उतरलो आणि ती बुडाली, तर परवाना माझा जाईल."

"मग तुम्हीच न्या तिला."

"आणि तुझ्या पाठीवर कोण बसेल?"

खंड्या काही दुष्ट नव्हता. "ही तुझी शेवटचीच फेरी," तो म्हणाला. "पलीकडे टिळा पुसून घे आणि ये परत. मग तूही परवानेवाली." झाडाच्या मुळाला टेकून बसलेली चिमी म्हणाली, "जा बाई, मी आहे इथेच." तिचा पाय एव्हाना सुजून काळानिळा पडला होता.

सावळी जीव खाऊन पोहली. पलीकडच्या घाटावरच्या दुसऱ्या खंड्याने ओल्या शेवाळाने टिळा पुसला, तिचे कौतुकही केले. ती वळली तेव्हा मात्र त्याने तिला थांबवले. नव्या परवानेवाल्याने एक पावसाळा उतारू घ्यायचा नाही; शिकाऊच्या पाठीवर तेवढे बसायचे.

"माझी मावशी मरतेय तिकडे."

"तिकडेच निघालेलं एक शिकाऊ आहे," खंड्या समजुतीने म्हणाला. "बसून घे."

ती बसली. अलीकडच्या काठाला पोचले की मावशीला पाठीवर घ्यायची, परवाना गेला खड्ड्यात, असे तिने मनाशी ठरवले. पण खालचे कासव अगदीच कच्चे होते. ते गोल गोल फिरे, नाकातोंडात पाणी गेले की रडे. "ताई, उतरू नका हं. मी बुडेन," ते पुन्हा पुन्हा म्हणे. सावळीला त्याचा राग आला, आणि दयाही आली. ती उतरली नाही.

नदीच्या मध्यावर असताना सूर्य बुडाला. सगळी कासवे होती तिथे थांबली.

आता सावळीला राहवेना. उडी मारायची म्हणून तिने पाणी शोधले, पण पाणी कुठे दिसतच नव्हते. त्या वर्षी भरतीच एवढी झाली होती की या काठापासून त्या काठापर्यंत पाठीला पाठ लागली होती. समोर मुळाशी चिमीची शेपटी एकदा हलली. सावळीने हाका मारल्या. शेपटी पुन्हा हलली नाही.

थोड्या वेळाने तिच्या पाठीवर काहीतरी हुळहुळले. तिने मान वळवून पाहिले. पलीकडच्या काठावरून मुंग्यांची एक रांग निघाली होती. या पाठीवरून त्या पाठीवर, पाय जराही न भिजवता, ती सावळीला ओलांडून चिमीकडे चालली होती.