तिवरभाटच्या दाराबाहेरचा संन्यासी

या, इकडे उंडीच्या सावलीत या. फक्त त्या दगडावर पाय देऊ नका.

चर्चच्या दारापासून हा काळा दगड अकरा पावलांवर आहे. त्याच्यावर नाव नाही, साल नाही, साधा क्रूससुद्धा नाही. मागे दार रुंद करायचं ठरलं तेव्हा गवंड्यांनी दगड हलवायला पहार आणली होती. गावातल्या बायका येऊन इथं मातीत बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. मग दार होतं तेवढंच राहिलं. मी आगुस्तीन, चाळीस वर्षं या चर्चची घंटा वाजवली. माझ्या आजीनं मला सांगितलं तसंच तुम्हाला सांगतो.

सातशे वर्षांपूर्वी, पोर्तुगीज यायच्याही कितीतरी आधी, तिवरभाटात ख्रिस्ती माणसांची अकरा घरं होती, असं सांगतात. मिठागरात राबायचं, खाडीत जाळं टाकायचं. धर्म कोणी आणला हे त्यांनाही आठवत नव्हतं. शेवटचा धर्मगुरू जाऊन तीन पिढ्या झाल्या होत्या. शुक्रवारचा उपवास आणि चर्चच्या मातीच्या भिंतीतला एक दगडी क्रूस, एवढंच हाती उरलं होतं.

अशा वेळी इराणकडच्या होर्मुझ बंदराहून घोडे घेऊन येणाऱ्या एका गलबतातून रैनेर नावाचा संन्यासी उतरला. दोमिनिकन संघाचा. अंगात पांढरा झगा, वर काळी कफनी आणि काखेत मेणकापडात गुंडाळलेला एक जाडजूड ग्रंथ. तो आणि त्याचा म्हातारा गुरू असे दोघं निघाले होते; गुरू वाटेत होर्मुझला तापानं गेला. रैनेर एकटाच पोहोचला.

हा माणूस इटलीत, बोलोन्या शहरात, चर्चचा कायदा शिकवायचा. शेकडो वर्षांत पोपांनी आणि धर्मसभांनी दिलेले निवाडे ठिकठिकाणी विखुरलेले होते. एक म्हणायचा हो, दुसरा म्हणायचा नाही. ते पारखून, जुळवून एका ग्रंथात बसवायचं काम त्या काळात चाललं होतं, आणि त्यातल्या लग्नाच्या भागापायी रैनेरनं तारुण्याची बारा वर्षं घातली, म्हणे. स्वभावानं तो कठोर नव्हता. त्याच्या देशात सरदारांना बायको नकोशी झाली की ते कुठलं तरी दूरचं नातं उकरून काढत आणि लग्न खोटं ठरवून तिला घालवून देत. त्याच्या सख्ख्या बहिणीचं तसं झालं होतं. कायदा एकदा पक्का झाला की असा अन्याय कोणा बाईवर होणार नाही, असं त्याला मनापासून वाटायचं.

गावाला धर्मगुरू मिळाला याचा केवढा आनंद झाला. रैनेरबाबानं भाषा शिकून घेतली, लेकरांचा बाप्तिस्मा केला. पहिल्या पावसाळ्यात तो घरोघरी बसून विचारू लागला: तुझी आई कुठली, तिचा भाऊ कोण, त्याची मुलगी कोणाला दिली? बायकांनी हौसेनं सांगितलं. बाबाला आपली नातीगोती कळावीशी वाटतात, याचंच त्यांना कौतुक. तो कोळशानं चर्चच्या भिंतीवर नावं लिहीत गेला, नावापासून नावाकडे रेघा ओढत गेला. भिंत भरली तेव्हा त्याचा हात थांबला.

आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत जुनी. अकरा घरांनी वर्षानुवर्षं एकमेकांतच सोयरिकी केलेल्या. आणि त्याच्या ग्रंथात लिहिलं होतं, की चार पिढ्यांच्या आतलं नातं असेल तर ते लग्न लग्नच नव्हे. सात जोडपी त्यात सापडली. पोप अशा लग्नाला मुभा देऊ शकतो, हेही लिहिलेलं होतं. पण पोप होता समुद्रापलीकडे.

रैनेरबाबा नऊ दिवस उपाशी राहिला, असं सांगतात. मग त्यानं सातही जोडप्यांना बोलावलं. तुमचा दोष नाही, तुमच्या लेकरांना कोणी बोल लावणार नाही, असं आधी सांगितलं. पोपना पत्र लिहितो, म्हणाला. मुभा येईपर्यंत मात्र नवरा-बायकोनं एका घरात राहायचं नाही, राहिलात तर मला तुम्हाला प्रसाद देता येणार नाही, असंही सांगितलं. दोन जोडपी त्याच आठवड्यात गाव सोडून गेली. चार जोडप्यांनी मान डोलावली आणि घरी जाऊन दाराला कडी लावली. ते सुखानं नांदले.

ऐकलं ते फक्त तोमा आणि साऊनं. त्यांची श्रद्धा खरी होती, हाच काय तो त्यांचा गुन्हा.

साऊ तोमाच्या मामाची मुलगी. लग्नाला आठ वर्षं झालेली, पदरात एक मुलगी. साऊ मुलीला घेऊन मिठागरापलीकडे बापाच्या घरी गेली. मीठ ओढताना दोघं समोरासमोरच्या बांधांवर असायची. बोलायला बंदी नव्हती, पण बोलून पुन्हा वेगवेगळ्या वाटांनी घरी जाणं त्यांना सोसेना, म्हणून ती बोलेनाशी झाली.

पत्र होर्मुझच्या व्यापाऱ्याबरोबर गेलं. दर हंगामात गलबतं आली की रैनेरबाबा बंदरावर जाऊन उभा राहायचा. पहिल्या वर्षी उत्तर आलं नाही, दुसऱ्या वर्षी नाही, तिसऱ्याही नाही. चौथ्या वर्षी साऊला तापानं धरलं. अंगात त्राण उरलं नव्हतंच. बाबा शेवटचे संस्कार करायला गेला, तेव्हा तिनं त्याला एकच विचारलं.

"बाबा, मी कोणाची बायको म्हणून जाऊ?"

तोमाची म्हणावं तर ग्रंथ खोटा, कोणाचीच नाही म्हणावं तर समोर मरतं माणूस.

बाबा म्हणाला, "पत्र आलं की सांगता येईल, पोरी."

दुपारपर्यंत ती गेली. तिला माहेरच्या माणसांत पुरलं. तोमा लांब, इतर गावकऱ्यांत उभा होता.

पत्र आलं पुढच्या हंगामात. चार ओळींचं होतं. दूर देशी जाणाऱ्या आमच्या बंधूंना अशा लग्नांना मुभा द्यायचा अधिकार निघतानाच दिलेला आहे. तुमच्या गुरूजवळ तसा लेख होता. तो असताना आम्हाला विचारण्याचं कारण कळलं नाही.

गुरूच्या थैलीत तो लेख होता. होर्मुझला म्हाताऱ्याला पुरल्यावर ओझं नको म्हणून रैनेरनं त्याची थैली तिथंच सोडली होती. उचलला होता तो फक्त ग्रंथ.

पत्र घेऊन तो तोमाकडे मिठागरात गेला आणि एकेक ओळ आपल्या भाषेत सांगितली. तोमानं फावडं खाली ठेवलं.

"म्हणजे ती माझी बायको होती?"

"होती. तुझ्यापाशी तिला राहू द्यायचं माझ्या हातात होतं."

"हे तिला सांगा, बाबा," तोमा म्हणाला, आणि पुन्हा मीठ ओढू लागला.

मोडलेलं लग्न मुभेनं पुन्हा जोडायचं तर आधी तीन रविवार दोघांची नावं गावापुढे पुकारायची, असा नियम होता. रैनेरबाबानं ती पुकारली. दारात उभं राहून म्हणाला, तोमा आणि साऊ यांचं लग्न ठरलं आहे, कोणाची हरकत असेल तर सांगा. लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. तिसऱ्या रविवारी तोमा धुतलेलं धोतर नेसून आला आणि दारापाशी एकटाच उभा राहिला. त्याच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी होती. बाबानं हरकत विचारली. कोणाचीच नव्हती. पुढचा प्रश्न नवरीला विचारायचा होता. तो चालत दाराबाहेर आला आणि इथं, याच जागी, खाली बसला.

त्यानंतर तो कधी आत गेला नाही. लोकांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, इथं उघड्यावर म्हणायचा, बाकीच्या जोडप्यांना त्यानं मुभा दिली, दुसऱ्यांची पापं ऐकून क्षमा द्यायचा. पण धर्मगुरूला स्वतःच स्वतःला क्षमा देता येत नाही, त्याला दुसरा धर्मगुरू लागतो, आणि पाचशे कोसांत दुसरा नव्हता. चौदा वर्षं तो गलबतांतून कोणी उतरतं का, ते बघत राहिला. कोणी उतरलं नाही. तोमा रोज त्याच्यापुढे पेजेचं मडकं ठेवायचा. क्षमा केली म्हणून पेज आणायचा, की करता येत नाही म्हणून, हे माझ्या आजीलाही ठाऊक नव्हतं.

रैनेरबाबा पापाच्या कबुलीवाचून मेला. पवित्र जमिनीत पुरू नका, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. खड्डा तोमानंच खणला. हा दगडही त्यानंच ओढून आणला. ग्रंथाचं काय झालं, कोणी सांगत नाही.

आजही तिवरभाटात लग्न ठरलं की तीन रविवार फादर आधी बाहेर येऊन या दगडाशी उभे राहतात. पहिल्यांदा तोमा आणि साऊची नावं घेतात आणि कोणाची हरकत आहे का, असं विचारतात. 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणून होईल इतका वेळ थांबतात. मग आत जाऊन त्या वर्षीच्या नवरा-नवरीची नावं पुकारतात. त्यांचं लग्न होतं, मांडव भरतो, माणसं जेवून घरी जातात. तोमा आणि साऊची नावं सातशे वर्षं पुकारली जात आहेत. आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.