चिंचेखालची खुर्ची

वाचनालयाच्या अंगणातल्या चिंचेखाली मालिनीताईंचा गट पर्यावरणवादी समीक्षेवरचं पुस्तक वाचत होता. पाहुणे म्हणून आलेले नामांकित समीक्षक डॉ. हर्डीकर तासभर बोलले आणि शेवटी म्हणाले, "साहित्यात कर्ता एकच, माणूस. झाडंझुडपं नुसती पार्श्वभूमी, ती काही करत नाहीत. हे पुस्तक मिटा, दुसरं घ्या."

गट हिरमुसला. मालिनीताई रोपवाटिका चालवायच्या. घाई त्यांच्या स्वभावातच नव्हती. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, तासाभरात तुम्ही चारदा खुर्ची सरकवलीत. आमच्यापैकी कुणीच सांगितलं नव्हतं. मग कुणाचं ऐकलंत?"

डॉक्टरांनी खाली पाहिलं. सावली पुन्हा सरकली होती, ऊन पायांवर आलं होतं. त्यांनी खुर्ची उचलली, मालिनीताईंशेजारी ठेवली आणि विचारलं, "कितव्या पानावर आहोत?"