पाहुण्याला ‘नाही’ म्हणत नाहीत

मानववंशशास्त्राच्या पीएच.डी. प्रवेशाची मुलाखत म्हणजे वाघाच्या गुहेत शिरणं! आधीची मुलगी डोळे पुसत बाहेर आली आणि जयवंतीचं नाव पुकारलं गेलं. बाकीच्या विद्यापीठांनी नकार कळवलेला. हे शेवटचं दार. आत डॉ. खासनीस तिच्याच पाड्याबद्दल लिहिलेलं आपलं जाडजूड पुस्तक थोपटत बसले होते.

“वीस वर्षं तुमच्या घरांत जेवलो. माझा एकेक निष्कर्ष तुमच्या लोकांना वाचून दाखवला. एकानंही कधी ‘नाही’ म्हटलं नाही! आता तू तिथं नवीन काय शोधणार?”

खुर्चीची कड घट्ट धरून जयवंती कशीबशी म्हणाली,

“सर, आमच्यात पाहुण्याच्या बोलण्याला कुणी ‘नाही’ म्हणत नाही. मी घरची आहे. मला तोंडावर म्हणतील.”