उभ्यानं दमलेली गाडी

"...पण एक सोडून तीन बॅटऱ्या बदलल्या, उस्ताद! तिन्ही खराब कशा निघतील?"

दस्तगीर उस्ताद बशीत चहा ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तासगावच्या अलीकडे, रस्त्याला लागून, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. दुकानाला पाटी नव्हती. ज्याची गाडी अडे, तो विचारत विचारत येई.

आज आले होते ते प्राध्यापक विश्वंभर कणसे. तंत्रनिकेतनात एकोणीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. गाडीतली साउंड सिस्टिम त्यांनी स्वतःच्या हातानं बसवली होती. भेटेल त्याला ते हे सांगत. जो भेटत नसे, त्याला गाडीच दोन गल्ल्यांवरून सांगे.

मागच्या सीटवर त्यांची आई बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. आज बारा वाजता मिरजेच्या दवाखान्यात तिच्या मोतिबिंदूचं ऑपरेशन होतं.

ही दुसरी तारीख. पहिल्या तारखेला गाडी चालूच झाली नव्हती. आई चपला घालून दीड तास पायरीवर बसली. मग चपला काढून आत गेली. बोलली काहीच नाही. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं कणसेसरांना अजून वाटत होतं.

आणि आज सकाळी पुन्हा तेच. शेजाऱ्याच्या बॅटरीवरून वायर लावून गाडी कशीबशी चालू केली आणि इथवर आणली. इंजिन अजून सुरूच होतं.

"बंद करा," उस्ताद म्हणाले.

"बंद? अहो, बंद केली तर परत चालू व्हायची नाही!"

"चालू गाडीला काय झालेलं नाही, सर. बंद करा."

कणसेसरांनी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. साडेनऊ झाले होते.

"आता बसा."

"किती वेळ?"

"अर्धा तास. चहा घ्या."

"अर्धा तास नुसतं बसायचं? तुम्ही काही तपासणार नाही?"

"तपासतोय की."

कणसेसर बसले, पण गप्प बसणं हा त्यांचा विषय नव्हता. बॅटरी कशी भरते, कशी उतरते, कंपन्या हल्ली प्लेटा किती पातळ घालतात, हे त्यांनी सगळं समजावून सांगितलं. शेजारच्या एका लाकडी खोक्याच्या मागच्या बाजूवर खडूनं आकृतीही काढली.

उस्तादांनी आकृती नीट पाहिली. मग ते खोकं उलटं करून त्यावर बसले.

"गाडी रोज किती चालते?"

"कॉलेजला जाऊन-येऊन आठ किलोमीटर."

"बाकी वेळ?"

"उभीच असते."

"मग दमते कशानं?"

"उभी गाडी दमेल कशी?" कणसेसर हसले.

उस्ताद हसले नाहीत.

"चालणाऱ्या गाडीची बॅटरी भरत राहते, सर. ती नाही दमत. तुमची उभ्यानं दमते."

...

अर्धा तास झाला. उस्ताद उठले. पुढच्या सीटखाली अ‍ॅम्प्लिफायरची काळी पेटी होती, तिच्याकडे त्यांनी बोट दाखवलं.

"हात ठेवा."

"कशावर? अ‍ॅम्प्लिफायरवर? अहो, त्याचा काय संबंध? त्याचं वायरिंग मी स्वतः..."

"पोराला ताप आला की कपाळावर ठेवतो, तसा ठेवा."

कणसेसरांनी वाकून हात ठेवला. पेटी गरम होती.

"ऊन लागलं असेल," ते म्हणाले.

उस्तादांनी शेडच्या पत्र्याकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं. गाडी सावलीत होती.

"येताना गाणी चालू होती. ती उष्णता राहिली असेल."

"अर्धा तास?"

"धातू आहे... राहते."

उस्तादांनी बॉनेट उघडलं, बॅटरीची काळी वायर सोडवली आणि ती वायर नि बॅटरी यांच्यामध्ये एक बल्ब जोडला.

बल्ब लागला.

"आक्का, दार नीट लावलंय न्हवं? उघडं असलं की आतला दिवा जळतो."

"लावलंय बाबा," आई आतून म्हणाली.

"गाडी बंद आहे, सर?"

"बंद आहे."

"किल्ली?"

"ही बघा, माझ्या खिशात."

"मग दिवा कोण लावतंय?"

कणसेसरांनी बल्बकडे पाहिलं. घड्याळ, रेडिओची मेमरी, असं काहीबाही तोंडाशी आलं. पण घड्याळाएवढ्या करंटवर हा बल्ब लुकलुकणारही नाही, हे ते दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवत. परीक्षेत हा प्रश्न हमखास घालत.

"काय काय जोडलंय गाडीत?" उस्तादांनी विचारलं.

सर जरा खुलले. "अ‍ॅम्प्लिफायर. डिकीत बारा इंची सबवूफर. मोठा स्क्रीन. आणि दाराखाली निळे दिवे... गाण्याच्या तालावर नाचतात ते."

"आक्कांना आवडतात का दिवे?"

"तिला दिसतंय कुठं?" सर बोलून गेले आणि मग त्यांनाच कसंतरी झालं.

उस्तादांनी एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. दिव्यांचा काढला. बल्ब तसाच. स्क्रीनचा काढला. तसाच. मग बॅटरीजवळचा अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज काढला.

बल्ब विझला.

फ्यूज परत घातला. लागला.

काढला. विझला.

चौथ्यांदा बल्ब विझला तेव्हा कणसेसर म्हणाले, "कळलं."

"पेटीची निळी बारीक वायर कुठं जोडली होती?" उस्तादांनी विचारलं.

ही वायर अ‍ॅम्प्लिफायरला जागं करते. ती किल्लीच्या लाईनवर घ्यायची असते. मग किल्ली काढली की पेटीही झोपते.

कणसेसरांनी रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसला.

"त्या दिवशी पाहुणे यायचे होते सिस्टिम ऐकायला. किल्लीच्या लाईनपर्यंत जायचं तर सगळा डॅशबोर्ड खोलावा लागणार होता... म्हणून थेट बॅटरीवर घेतली. तात्पुरती."

"कधीची गोष्ट?"

"दिवाळीची."

"कुठल्या?"

"...मागच्या नाही. त्याच्या मागच्या."

उस्ताद बराच वेळ त्या काळ्या पेटीकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कीव होती, पण ती कणसेसरांची नसावी.

"दीड वर्ष बिचारी झोपलेली नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी डॅशबोर्ड खोलला. उस्तादांनी हातात दिलेला टॉर्च धरून सर शेजारी उभे राहिले. उजेड हलला की उस्ताद नुसते थांबत. सर हात सावरत. एकोणीस वर्षांत ते इतका वेळ न बोलता उभे राहिले नव्हते. पंचवीस मिनिटांत निळी वायर किल्लीच्या लाईनवर गेली.

किल्ली काढून बल्ब पुन्हा जोडला. लागला नाही.

शेडमधली मोठी बॅटरी टेकवून गाडी चालू केली. पावणेअकरा. मिरज गाठायला वेळ होता. कणसेसरांच्या छातीवरचा दगड उतरला, आणि तो उतरल्याबरोबर त्यांचा जुना स्वभाव जागेवर आला.

"उस्ताद, तुम्ही एवढं केलंत. आता एकदा ऐका तरी. कसा आहे आवाज, खरं सांगा."

"ऐकवा."

सरांनी बटण दाबलं.

शेडचा पत्रा थरथरला. खोक्यावरची बशी सरकत सरकत कडेला आली. भिंतीला टांगलेले लोखंडी पाने एकमेकांवर वाजू लागले. समोरच्या बांधावरची म्हैस दोरीच्या टोकापर्यंत लांब गेली. सर डोळे मिटून मान डोलवत होते.

उस्ताद मात्र गाडीच्या मागच्या काचेकडे बघत होते. आईचे ओठ हलत होते.

त्यांनी हात वर केला. सरांनी गाणं बंद केलं.

"...लई भ्या वाटतंय रे मला, विशू!"

गाण्यावरून ऐकू जावं म्हणून आई मोठ्यानं बोलत होती. ते अख्ख्या शेडभर घुमलं. ती दचकली आणि पदर तोंडाशी धरून गप्प झाली.

कणसेसर मागं वळले.

"आई... कधीपासून?"

"मागल्या तारखेच्या आधीपास्नं. किती येळा सांगितलं तुला. गाडीतच तर सांगतेय."

सरांनी उतरून मागचं दार उघडलं, आईच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला धरून पुढच्या सीटवर आणून बसवलं. पट्टा लावला. मग तिथंच, उघड्या दाराशी, ते थोडा वेळ तिचा हात हातात घेऊन उभे राहिले. इंजिन हळू चालू होतं. रस्त्यावरून एक एसटी गेली, तिचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकू येत राहिला.

उस्तादांनी बशी उचलून जागेवर ठेवली.

"हां, सर," ते म्हणाले, "आता आला आवाज."