बेडकाने वाखाणलेली माची

फार मागची गोष्ट. तेव्हा बेडकांना बोलायला सवड होती आणि माणसांना ऐकायला. एका नदीकाठी एक गाव होतं. काठावर बारा महिने चिखल, म्हणून गावाने उताराजवळ एक माची उभारायचं ठरवलं. माची म्हणजे खांबांवर उचलून धरलेला, फळ्यांचा उघडा ओटा. नावेची वाट पाहणाऱ्यांनी तिथे टेकावं, बायकांनी कुरडया वाळत घालाव्यात आणि पंचांनी तिथे बसून भांडणं मिटवावीत. चिखलात उभं राहून भांडण मिटत नाही, उलट वाढतं, हे त्या गावाने अनुभवलं होतं.

गावात सुतार एकच. हात चांगला, स्वभाव भिडस्त. आणि गावात एक जुनी रीत होती. कारागिराचं काम तीनदा बिघडलं, तर त्याने आपली हत्यारं देवळातल्या खुंटीला अडकवायची आणि पुन्हा त्यांना शिवायचं नाही. त्या खुंटीला एका विणकराचा धोटा, मागावर आडवा धागा नेणारा, लटकलेला होता. तो विणकर आता लोकांची गुरं राखत असे. सुतार देवळात गेला की आधी देवाकडे बघे आणि मग, नको नको म्हणताना, त्या धोट्याकडे.

पहिली माची त्याने जीव ओतून केली. जुनं सागाचं लाकूड निवडलं. खांब मातीत कमरेइतके खोल पुरले. फळीला फळी अशी भिडवली की मधून मुंगी जाऊ नये, आणि तरी कुठे राहिलीच फट तर ती राळेने बुजवून टाकली.

आता त्या गावात न सारवलेल्या जागेवर कोणी बसत नसे. मग ती जागा मातीची असो की लाकडाची. पाटलांची एक आत्या होती, विधवा, आणि साऱ्या गावाचीच आत्याबाई. सारवावं तर तिनेच. तिने सणाच्या आदल्या दिवशी चार बायका हाताशी घेतल्या आणि माची शेणमातीने अशी सारवली की पाहणाऱ्याने पाय ठेवायला बिचकावं. गावाने सुताराची पाठ थोपटली.

दर सणाला सारवण होत राहिलं आणि काही पावसाळे गेले. एके दिवशी भर पंचायतीत फळी खचली आणि पाटलांचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. वरून लखलखीत दिसणारी माची आतून भिजवलेल्या पोह्यासारखी झाली होती.

सुताराला काही कळेना. ज्याला त्याला विचारत सुटला. एक म्हणाला, लाकूड कच्चं असेल. दुसरा म्हणाला, मुहूर्त चुकला. तिसऱ्याने दृष्ट काढायला सांगितलं, आणि सुताराच्या बायकोने माचीवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्यासुद्धा.

त्याच दिवसांत तो रानाकडे गेला आणि आणखीच चक्रावला. तिथे शेताच्या कडेला एक मचाण होतं. राखणदारासाठी ते त्यानेच कधीकाळी, काम शिकत असताना, कंटाळत कंटाळत ठोकलं होतं. खाली खडक लागला म्हणून खड्डे खणायचा आळस केला आणि खांब नुसते दगडांवर टेकवले. फळ्या कमी पडल्या म्हणून लांब लांब बसवल्या. त्या कामाची त्याला इतकी लाज वाटे की तो त्या वाटेने जाणं टाळत असे. आणि तेच मचाण, ऊन-पाऊस खाऊन, ठणठणीत उभं होतं.

तो घरी येऊन बायकोला म्हणाला, "मन लावून केलं ते कुजलं. टाळाटाळ केली ते टिकलं. ह्याला काय म्हणायचं?"

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "सुतार तुम्ही की मी?"

सुतार रात्रंदिवस विचार करत राहिला आणि विचार करकरून भलत्याच ठिकाणी पोचला. त्याने दुसरी माची मुद्दाम वाईट केली. हाताला लागेल ते लाकूड घेतलं, खांब कसेबसे मातीत खुपसले, फळ्या फटी ठेवून ठोकल्या. काम करताना त्याला आतून रडू येत होतं, पण मचाण टिकलं तर हीही टिकेल, अशी त्याची समजूत.

आत्याबाईला त्याची दया आली. "बिचाऱ्याचा हात बिथरलाय," ती बायकांना म्हणाली. "आपण सावरून घेऊ." बायकांनी सगळ्या फटी चिखलात भुसा कालवून बुजवल्या आणि वरून सारवण घातलं. ही माची पहिलीपेक्षाही लवकर कुजून खचली.

आता मात्र सुताराचं डोकं चालेना. चांगलं करावं तर कुजतं, वाईट करावं तर लवकर कुजतं. पंच बसले. एकजण म्हणाला, दुसऱ्या गावचा सुतार बोलवा. तेव्हा आत्याबाईच उठून म्हणाली, "रीत तीनदाची आहे. अजून एकदा त्याचा हक्क आहे. त्याचे हात वाईट नाहीत." पंचांनी ते मान्य केलं. सुताराला तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं आणि त्याच वेळी पळूनही जावंसं वाटलं. कारण तिसऱ्यांदा काय करायचं, हे त्याला अजिबात ठाऊक नव्हतं.

दुपारी तो मोडक्या माचीखाली सरपटत गेला. निदान कुजलं कुठून ते तरी बघावं. आत अंधार, गारवा आणि ओल. एका कोपऱ्यात मोठा थोरला बेडूक ऐसपैस बसला होता.

"या सुतारदादा," बेडूक म्हणाला. "तुमचे उपकार मानायचे राहूनच गेले होते."

"माझे? कसले उपकार?"

"असं घर नशिबाला लागतं. वरून पाणी फटीत शिरतं ते परत बाहेर जात नाही. ऊन आत येत नाही. वारा तर नावाला नाही. खांब मातीत, म्हणून तेही खालून पाणी शोषत राहतात. भर उन्हाळ्यात माझी पाठ ओली असते."

सुताराला वाटलं, हा आपली थट्टा करतोय. पण बेडकाचा चेहरा अगदी मनापासूनचा होता.

"आधी मी रानातल्या त्या मचाणाखाली राहत होतो," बेडूक पुढे म्हणाला. "छे. पाऊस थांबला की पाणी खाली गळून जायचं. खालून वारा, वरून ऊन. दुपारपर्यंत सगळं खडखडीत. अंग सुकून गेलं माझं. कोणी केलं होतं कोण जाणे."

सुतार हात लांबवून कुजक्या खांबाचा बुडखा चाचपू लागला.

"ह्या वेळी तुम्ही मला घाबरवलंच होतं. फटी ठेवल्यात. पण आत्याबाई देवमाणूस. बुजवल्या तिने. आता तिसरीही अशीच करा, जमल्यास आणखी घट्ट."

सुतार माचीखालून बाहेर आला तेव्हा त्याचे कपडे चिखलाने भरले होते आणि डोकं कित्येक दिवसांनी स्वच्छ झालं होतं. पाणी शिरू नये म्हणून तो आयुष्यभर झटला होता. पण उघड्यावरच्या लाकडात पाणी शिरणारच. ते बाहेर कसं जाईल, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

पण आनंद फार टिकला नाही. माची वाचवायची तर सारवण बंद करायला हवं, आणि ते आत्याबाईला सांगायला हवं. जिने पंचांत आपली बाजू घेतली, तिलाच तोंडावर सांगायचं की तुझ्या मायेने लाकूड कुजलं? तो तिच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा गेला. ती अंगणात शेण कालवत बसली होती.

"बोल रे. किती वेळ उंबऱ्याशी घुटमळतोयस?"

त्याने सगळं सांगून टाकलं. आत्याबाईचे हात थांबले. ती आपल्या बोटांकडे बघत राहिली.

"म्हणजे मी कुजवली म्हणतोस."

"आधी मी, आत्याबाई. पहिल्या फटी मीच बुजवल्या."

"आणि हे तुला सांगितलं कोणी?"

"बेडकाने."

"मग खरं असेल," आत्याबाई म्हणाली. "बेडकाला कुठे पंचांत बसायचंय खोटं बोलायला. पण सणाला मी काय सारवू? रिकाम्या हाताने बसायची नाही मी."

सुतार म्हणाला, "माचीखालची जमीन. चोपून, नदीकडे उतार देऊन. गळलेलं पाणी तिथे साचायला नको."

"ते मला जमतं," आत्याबाई म्हणाली, आणि पुन्हा शेण कालवू लागली.

तिसरी माची त्याने जुन्या सागाचीच केली, आणि जीव ओतूनच. खांब मातीत न पुरता घडीव दगडांवर उभे केले. दोन फळ्यांत बोटभर फट ठेवली. फळ्यांची कापलेली टोकं तेल पाजून मुरवली, कारण लाकूड टोकातूनच जास्त पाणी पितं. खाली आत्याबाईने जमीन सारवली.

गाव हसलं. "ही माची की चाळणी?" पाटील म्हणाले. कोणाची सुपारी फटीतून खाली गेली, कोणाच्या कुरडईचा तुकडा. सुतार मान खाली घालून ऐकत राहिला. खुंटीवरचा धोटा त्याला झोपेतही दिसायचा.

पाऊस आला आणि गेला. पाणी फळ्यांवरून खाली गळलं आणि उतारावरून नदीला मिळालं. दुपारपर्यंत माची कोरडी. असे कित्येक पावसाळे गेले. लाकूड करडं पडलं, पण पाटलांनी काठी आपटली की खांब खणखणीत आवाज द्यायचा. बेडूक पहिल्याच पावसाळ्यानंतर बिऱ्हाड घेऊन निघून गेला. जाताना म्हणाला, "सुतारदादा, तुमचा हात बिघडला हो." आयुष्यात इतकी गोड निंदा सुताराने ऐकली नव्हती.

एकदा पंच त्याच माचीवर बसले होते. आत्याबाई आता थकली होती, पण उठून म्हणाली, "सुतार वाचला, कारण त्याला तिसरी वेळ मिळाली आणि बेडूक भेटला. त्या विणकराचं काम का बिघडलं, हे आपल्यापैकी कोणी विचारलं होतं का?"

कोणीच विचारलं नव्हतं. पाटलांनी फटीतून खालच्या सारवलेल्या जमिनीकडे पाहिलं. मग ते उठले, देवळात गेले, खुंटीवरचा धोटा स्वतःच्या हाताने काढला आणि गुरांमागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या विणकराला नेऊन दिला. विणकराने तो धोतराच्या सोग्याने पुसला आणि तिथेच खाली बसून रडला. त्यानंतर देवळातली ती खुंटी काढून टाकण्यात आली.

बोध एवढाच: पाणी लाकडात शिरतं तशी चूक माणसाच्या हातात शिरतेच; जो तिला बाहेर पडायला वाट ठेवतो, त्याचंच बांधलेलं टिकतं.