तिळीचा दाणा आणि सतरंजीखालचा ढीग

बसलात मांडीवर? पाय पोटाशी घेतले? कान इकडे द्या तर!

एक होती मुंगी. केवढीशी? तिळाएवढी. म्हणून तिचं नाव तिळी.

आज तिळीला एक दाणा सापडला. राजगिऱ्याचा दाणा. पांढरा, फुललेला, गोड गोड. लाडवातून निसटून पडलेला. तिळीने तो डोक्यावर घेतला. घरी तिचं बाळ भावंड होतं, सकाळपासून उपाशी. "आले रे बाळा, आले!" म्हणत तिळी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

ते घर होतं अंबूमावशीचं. अंबूमावशी मनाने लाख चांगली. पण घरकाम म्हटलं की तिच्या कपाळाला आठ्या! खरकटी भांडी ती टोपलीखाली झाकायची आणि म्हणायची, "झाकली भांडी, घासली भांडी!" केर ती सतरंजीखाली ढकलायची आणि म्हणायची, "दिसेना केर, संपला केर!" मग झोपाळ्यावर जाऊन आडवी व्हायची. करकर, करकर.

आजही मावशीने केरसुणी फिरवली. सर्र सर्र! केर गेला सतरंजीखाली. तिळी कशीबशी बाजूला पळाली. पण दाणा? दाणाही गेला सतरंजीखाली.

तिळी आत शिरली. आत काळोख. आत ढीगच ढीग. कालचा केर, परवाचा केर, पार दिवाळीचा केर! त्यात तिचा दाणा होता. तिळीने ओढला. हलेना. पुन्हा ओढला. हलेना. दाण्यावर काहीतरी बसलं होतं. गोल, गुळगुळीत, जड जड.

तिळी बाहेर आली. तिला रडूच आलं. घरी बाळ वाट बघत होतं ना!

पण रडून दाणा थोडाच मिळतो? तिळीने डोळे पुसले. ती गेली केरसुणीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"केरसुणी, केरसुणी, झाड ना!
दाणा मिळेना,
बाळ घरी उपाशी!"

केरसुणी कोपऱ्यात लोळत होती. ती म्हणाली, "सतरंजी उठली तर झाडीन. नाहीतर नाही!"

तिळी गेली सतरंजीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"सतरंजी, सतरंजी, ऊठ ना!
केरसुणी झाडेना,
दाणा मिळेना,
बाळ घरी उपाशी!"

सतरंजी म्हणाली, "माझ्या पोटावर बोका झोपलाय, दिसत नाही? बोका हलला तर उठेन. नाहीतर नाही!"

बोक्याचं नाव भोपळ्या. का ते त्याच्या पोटाकडे बघून कळायचं. तिळी त्याच्या मिशीपाशी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बोकोबा, बोकोबा, हल ना!
सतरंजी उठेना,
केरसुणी झाडेना,
दाणा मिळेना,
बाळ घरी उपाशी!"

घुर्र, घुर्र. भोपळ्याने एकच डोळा उघडला. "माझी दुधाची वाटी अजून रिकामी! वाटी भरली तर हलेन. नाहीतर नाही!" आणि डोळा मिटला.

तिळी गेली वाटीकडे. वाटी होती टोपलीखाली, खरकट्या भांड्यांत. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वाटी, वाटी, भर ना!
बोका हलेना,
सतरंजी उठेना,
केरसुणी झाडेना,
दाणा मिळेना,
बाळ घरी उपाशी!"

वाटी म्हणाली, "शी! माझ्या अंगाला कालची साय चिकटलीय. आधी मला आंघोळ हवी. बादली आली तर भरेन. नाहीतर नाही!"

आता तिळीचे पाय दुखायला लागले. इवले इवले पाय, आणि केवढं मोठं घर! पण ती थांबली नाही. ती गेली बादलीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बादली, बादली, ये ना!
वाटी भरेना,
बोका हलेना,
सतरंजी उठेना,
केरसुणी झाडेना,
दाणा मिळेना,
बाळ घरी उपाशी!"

डुबुक! बादलीतलं पाणी हललं. बादली म्हणाली, "मला कुठे पाय आहेत? मावशी उठली तर येईन. नाहीतर नाही!"

मग तिळी झोपाळ्यावर चढली. कडीवरून चढली, उशीवर उतरली, थेट मावशीच्या कानाशी.

"मावशी, मावशी, ऊठ ना!
बादली येईना,
वाटी भरेना,
बोका हलेना,
सतरंजी उठेना,
केरसुणी झाडेना,
दाणा मिळेना,
बाळ घरी उपाशी!"

मावशीने सगळं ऐकलं. तिने एक सुस्कारा सोडला. हाऽऽश!

"काय सांगू तिळे, मीच रुसून बसलेय. माझे पाच सागरगोटे होते. आईने मला दिलेले. रोज संध्याकाळी शेजारची सुंद्री यायची. आम्ही खेळायचो. एक वर उडवायचा, खालचे टिपायचे. टप टप, टप टप! त्यातला एक हरवला. आता चारच उरले. चारांनी कसं खेळायचं? सुंद्रीही येईनाशी झाली. सागरगोटा मिळाला तर उठेन. नाहीतर नाही!"

"सागरगोटा कसा असतो गं मावशी?"

"गोल असतो. गुळगुळीत असतो."

"आणि जड असतो?"

"तुला जडच वाटणार!"

तिळी टुणकन उडाली. "मावशी, मावशी, तो सतरंजीखाली आहे! तुझा सागरगोटा माझ्या दाण्यावर बसलाय!"

"सतरंजीखाली? तिथे कुणी नेला?"

तिळीने कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे केरसुणी लोळत होती. मावशीनेही केरसुणीकडे पाहिलं. मग ती आढ्याकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले.

"थांब," ती म्हणाली, "आत्ता काढते." पण उठतेय कुठली! तिने पडल्या पडल्या एक पाय खाली सोडला. अंगठ्याने सतरंजी ढकलली. सतरंजीला पडली चुणी. भोपळ्या गुरगुरला. आणि सागरगोटा? घरंगळत घरंगळत आणखी आत गेला. दाण्यालाही घेऊन गेला.

"जाऊ दे बाई," मावशी म्हणाली. "उद्या बघू."

उद्या! पण भूक कुठे उद्यापर्यंत थांबते?

तिळी खाली उतरली. मधोमध बसली. विचार करू लागली. हा म्हणतो तो हलला तर. तो म्हणतो ती उठली तर. सगळे एकमेकांकडे बघतात. मग आधी कोण?

"मी," तिळी म्हणाली. अगदी हळू म्हणाली. कुणाला ऐकूही आलं नाही.

ती सतरंजीखाली शिरली. एक कण उचलला. केराचा कण. बाहेर आणला. अंगणात टाकला. तुरुतुरु, तुरुतुरु. परत आत गेली. एक दोरा ओढला. अंगणात टाकला. परत आत. एक काडी. परत आत. एक केस.

मावशी झोपाळ्यावरून बघत होती. झोपाळ्याची करकर थांबली.

"तिळे, काय करतेस गं?"

"केर काढतेय."

"एवढा मोठा ढीग? एकटी?"

"हो."

"कधी संपायचा तो?"

"संपेल तेव्हा," तिळी म्हणाली. "बाळ उपाशी आहे ना." आणि परत आत गेली.

मावशीला कसंसंच झालं. ढीग कुणी केला? तिने. आणि उपसतंय कोण? तिळाएवढी तिळी! मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पदर खोचला.

आणि मावशी उठली!

मावशी उठली, बादली आली. खळखळ, खळखळ!
बादली आली, वाटी घासली. घसघस, घसघस!
वाटी घासली, दुधाने भरली. धो धो नाही हं, थोडीशीच!
वाटी भरली, बोका हलला. लप लप, लप लप!
बोका हलला, सतरंजी उठली. फट फट, फट फट!
सतरंजी उठली, केरसुणी झाडू लागली. सर्र सर्र, सर्र सर्र!

केवढी धूळ! मावशी शिंकली, आँक्छी! भोपळ्या शिंकला, आँक्छी! केराच्या ढिगातून काहीतरी घरंगळत आलं. गोल, गुळगुळीत. मावशीच्या पायाशी येऊन थांबलं.

मावशीने सागरगोटा उचलला. पदराने पुसला. गालाला लावला. "माझ्या हातानेच ढकलला होता मी तुला," ती म्हणाली.

आणि दाणा? दाणा होता तिथेच! जरा धुळीने माखलेला. मावशीने त्याला फुंकर मारली. फू! झाला पांढराशुभ्र. मग तिने तो तिळीसमोर ठेवला. अलगद, दोन बोटांनी.

तिळीने दाणा डोक्यावर घेतला. तुरुतुरु, तुरुतुरु. उंबरा ओलांडला. भिंत ओलांडली. बिळात शिरली.

"आले रे बाळा, आले!"

बाळाने दाण्याला मिठीच मारली. कुटुम कुटुम खाल्ला. मग ते तिळीच्या कुशीत झोपलं. तिळीही झोपली. फार दमली होती बिचारी.

त्या संध्याकाळी मावशीने हाक मारली आणि सुंद्री आली. मावशीच्या घरातून आवाज येत होता. टप टप, टप टप!

आता तुम्ही विचाराल, मावशीला घरकाम आवडायला लागलं का? छे! अजूनही नाही आवडत. केरसुणी हातात घेतली की आजही कपाळाला आठ्या पडतात. पण झाडायच्या आधी ती खाली वाकते. सतरंजीचा कोपरा उचलते. आणि हळूच विचारते,

"खाली कुणाचं काही राहिलंय का गं?"